समुद्राकडचा पाय

सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात मी माझ्या नवऱ्याला खोटं बोलताना एकदाच पकडलं, आणि तेव्हाही तो बोलत नव्हता. जेवत नव्हता, एवढंच. हार्टमूट क्रॉप्लिन बशीतला बटाटा काट्याने इकडून तिकडे ढकलायला लागला की समजायचं, एकतर त्याला ताप आहे नाहीतर पोटात काहीतरी दडवून ठेवलंय. ताप नव्हता. मी हात लावून पाहिलं होतं.

दडवलेलं जे होतं ते शिंपल्याबद्दल होतं. शिंपला म्हणजे आमच्या डोर्नविकच्या किनाऱ्यावरचं जुनं भोजनगृह, त्र्याहत्तर साली बांधलेलं. कारखान्यांनी सुट्टीवर पाठवलेले कामगार तिथे तीन पाळ्यांत जेवायचे आणि मी सात उन्हाळे त्यांना वाढलं. "पुढची पाळी दारात उभी आहे, गिळा लवकर," हे मी इतक्या वेळा ओरडले आहे की अजूनही घरी पाहुणे जेवत असले की तोंडातून निसटतं. छप्पर म्हणजे काँक्रीटचं एकच कवच, कडेला जेमतेम सात सेंटिमीटर जाड, चार पायांवर टेकलेलं, मधे एकही खांब नाही. पुढे आमचं ते समाजवादी राज्यच बुडालं, कामगार सुट्टीला स्पेनला जायला लागले आणि एक्याण्णव साली शिंपल्याला कुलूप लागलं.

त्यानंतर किनाऱ्यावरची बाकी सगळी जागा हॉटेलांनी घेतली. हिवाळ्यात आम्हा गावकऱ्यांना काही न मागवता, काही विकत न घेता कुठे बसायचं असेल तर बस थांब्यावर बसायचं, आणि तिथून समुद्र दिसत नाही. म्हणून आम्ही मागणी केली की शिंपल्यात गावाचं वाचनालय करा, शेगडी लावा, चार खुर्च्या टाका, कुणीही यावं आणि बसावं. एक हजार चारशे सह्या जमल्या. त्यातल्या निम्म्या हार्टमूटने सायकलवरून दारोदार फिरून आणल्या होत्या, सत्तराव्या वर्षी, गुडघा सुजलेला असताना. नगरपालिकेने मान्य केलं, पण एक अट घातली. छप्पर तपासणीत पास व्हायला हवं. झालं नाही तर शिंपला पाडायचा आणि जागा हॉटेलवाल्याला द्यायची. तो नकाशे घेऊन तयारच बसला होता.

तपासणीचं पत्र आलं त्या दिवसापासून माझ्या नवऱ्याने जेवण सोडलं.

बुधवारी पत्ते खेळायला मुकादम आला. लोथार वेंट त्याचं नाव, वय चौऱ्याऐंशी, चाकांच्या आधारकाठीवर चालतो आणि त्या काठीलाही शिव्या घालतो. शिंपल्याच्या बांधकामावर तोच मुकादम होता आणि गाव त्याला अजून त्याच नावाने हाक मारतं. हार्टमूट त्याच्या हाताखाली होता.

"सेहेचाळीस वर्षं उभं आहे," हार्टमूट पत्ते न बघताच म्हणाला. "आता भोकं पाडून काय तपासायचंय?"

"पाडू दे की भोकं," मुकादम म्हणाला. "मी बांधलंय ते. त्या बाईचं यंत्र मोडेल. तू पान टाक, नाहीतर चहा तरी आण."

ती बाई म्हणजे वीबके थोम्स, श्ट्रालझुंडहून आलेली इंजिनीअर. पस्तिशीची असेल, पिवळे बूट, भरभर बोलणारी. तिने शिंपल्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, छपरावर हातोडीने टकटक करून पाहिलं आणि सांगितलं की तीन जागी नळकांडीएवढा नमुना काढणार. जमिनीकडचे दोन पाय आणि छपराची एक कड. समुद्राकडच्या पायाशी वाळू भुसभुशीत आहे, तिथे यंत्र उभं राहत नाही, आणि तसाही तो पाय चारांत सगळ्यात चांगला दिसतो, असं ती म्हणाली.

त्या दुपारी हार्टमूटने बटाट्याचं सॅलड दोनदा वाढून घेतलं. मी मनात नोंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आधीपेक्षाही वाईट दिसत होता, आणि न सांगता बागेत निघून गेला.

बाग म्हणजे रेल्वेच्या पलीकडची आमची वाफेभर जमीन आणि तिथली एक खोली. मी गेले तेव्हा तो त्या खोलीत गुडघ्यांवर बसला होता. फरशीवरचं मेणकापड गुंडाळून बाजूला केलेलं, आणि हातात स्क्रू-ड्रायव्हर.

"काय चाललंय?"

"बघतोय." त्याने काँक्रीटवर जोर लावून रेघ ओढली. "बघ ना, रोसी. ओरखडाही पडत नाही."

"मग आनंद आहे. उठ, गुडघा बघ आपला."

तो उठला नाही. तिथेच बसून त्याने सांगितलं.

आमच्या त्या काळात सिमेंट दुकानात मिळत नसे. ते मिळवावं लागे. कारखान्यात, गोदीत, बांधकामावर प्रत्येक जण आपापल्या जागेवरून काहीतरी घरी आणायचा, आणि त्याला आम्ही चोरी म्हणत नसू, सोय करणं म्हणत असू. हार्टमूटने अकरा पोत्यांची सोय केली होती. पण पोती कमी भरली असती तर मुकादमाच्या लक्षात आलं असतं. म्हणून त्याने काकाच्या गळक्या पडवीत दोन हिवाळे भिजलेलं सिमेंट आणलं, त्यातले खडे हातोडीने फोडले, आईच्या पिठाच्या चाळणीने चाळलं आणि बांधकामावरच्या रिकाम्या पोत्यांत भरून जागच्या जागी रचलं. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. वादळ यायच्या आत समुद्राकडचा पाय ओतून संपवायचा होता, संध्याकाळची टोळी घाईत होती, कुणी बघितलं नाही. ते अकरा पोती सिमेंट त्या पायात गेलं. आणि चांगलं सिमेंट इथे आलं, आम्ही उभे होतो तिथे.

मला मट्कन खाली बसावंसं वाटलं, पण खाली तीच फरशी होती. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात आम्ही याच खोलीत राहायचो आणि मला सातवा महिना होता. या ओल्या मातीवर मी माझं पोर ठेवणार नाही, असं मी त्याला रोज सुनवायचे. रोज. आमची आंके याच फरशीवर पहिल्यांदा उभी राहिली.

मी त्याला काय विचारलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. मी विचारलं, "आणखी कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

"मग गप्प बस. ती बाई तिथे भोक पाडणार नाहीये. सेहेचाळीस वर्षं टिकलंय, आणखी तेवढीच टिकेल. आज तोंड उघडलंस तर छप्पर जाईल, वाचनालय जाईल, आणि सह्या मागायला कोण फिरलं होतं? तूच. गाव आपल्याला दारात उभं करणार नाही."

"पोरं बसतील गं तिथे खाली."

"इतकी वर्षं कामगार नाही का बसले?"

"मुकादम बसला होता," तो म्हणाला.

मला कळेना. मग त्याने तेही सांगितलं. सेंटरिंग काढायच्या दिवशी मुकादमाची एक रीत होती. टेकू काढताना तो स्वतः छपराखाली खुर्ची टाकून बसायचा, थर्मासमधली कॉफी ओतायचा आणि वर न बघता प्यायचा. आपल्या कामाची आपणच हमी द्यावी म्हणून. शिंपल्याच्या वेळी त्याने खुर्ची समुद्राकडच्या पायाशी टाकली, कारण तिथे वारा लागत नव्हता. हार्टमूट दहा पावलांवर टेकूची किल्ली हातात धरून उभा होता.

"मी काही बोललो नाही, रोसी. त्याची कॉफी संपेपर्यंत मी नुसता बघत राहिलो. पडलं असतं तर?"

"पडलं नाही ना."

"ते माझ्यामुळे नाही."

मी मेणकापड पुन्हा पसरलं, आणि आम्ही दोघं चालत घरी आलो.

पुढच्या गुरुवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सगळं गाव जमलं. थोम्सबाईंनी तिन्ही नमुने टेबलावर मांडले, गुळगुळीत, राखाडी, बाटलीएवढे. त्या म्हणाल्या की आजकालच्या नव्या पुलांतही असं काँक्रीट बघायला मिळत नाही. टाळ्या वाजल्या. कुणीतरी दारूची बाटली आणि छोटे पेले काढले. मुकादम आधारकाठी धरून उभा राहिला. "यंत्र मोडलं की नाही, बाई?" त्याने विचारलं, आणि हॉल हसला. त्याला इतका खूष मी त्याच्या बायकोच्या जाण्यानंतर पहिल्यांदा बघत होते. मी टेबलाखालून हार्टमूटचा गुडघा दाबून धरला, तोच दुखरा, चांगला जोरात.

तरी तो उठला.

"मी अकरा पोती सिमेंट नेलं होतं," तो म्हणाला. "बांधकामावरून. घरी."

मागून कुणीतरी खो-खो हसलं. "अरे, मी दोन दारं नेली!" बेकरीवाला ओरडला. "आमच्या न्हाणीतल्या निळ्या फरश्या कुठून आल्या वाटतं तुम्हाला?" टपालवाली बिर्गिट म्हणाली. मग काय, हॉलमध्ये सोय करणाऱ्यांची रांगच लागली. रंगाचे डबे, सळया, एक अख्खं सिंक. लोक डोळे पुसत हसत होते. मलाही क्षणभर वाटलं की सुटलो.

"ऐका," हार्टमूट म्हणाला. "मी त्या जागी खराब सिमेंट ठेवलं. भिजलेलं. ते समुद्राकडच्या पायात आहे."

सगळ्यात आधी थोम्सबाईंचं हसू गेलं. मग एकेकाचं.

मुकादम अजून उभाच होता. "केव्हा बदललंस?" त्याने विचारलं.

"पाय ओतायच्या आदल्या दिवशी."

"म्हणजे मी खाली बसलो तेव्हा तुला ठाऊक होतं."

"हो."

मुकादमाने टोपी घातली. आधारकाठीचं एक चाक कुरकुरतं, ते दारापर्यंत कुरकुरत गेलेलं आम्ही सगळ्यांनी ऐकलं. त्याला सोडायलाही कुणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी वाळूवर फळ्या टाकून थोम्सबाईंनी समुद्राकडच्या पायाला भोक पाडलं. मीही गेले होते, नवऱ्याला एकटं कसं पाठवणार? नमुना बाहेर आला तो त्यांच्या तळहातावर शिळ्या केकसारखा सुटला. त्यांनी चुरा दोन बोटांत चोळून पाहिला.

"क्रॉप्लिनसाहेब," शेवटी त्या म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात मी या छपराखाली जड काचा बसवायला परवानगी देणार होते. काचा, पुस्तकांची कपाटं, सगळं. एखाद्या वादळात हा पाय गेला असता, आणि आत माणसं असती."

हार्टमूट वाळूकडे बघत होता. "म्हणजे पाडायचं?"

"असं कुठे म्हटलं मी? तुम्ही नेमका पाय सांगितलात, मी तो वरपर्यंत ठोकून पाहिला, गुडघाभर उंचीपर्यंतच खराब आहे. टेकू लावून तेवढं काढता येईल, नवीन ओतता येईल. फक्त माल जुन्याशी जुळणारा हवा, नाहीतर दोन्हींची जोडी जमत नाही, भेग पडते. आणि त्या वेळचं सिमेंट नेमकं कसलं होतं याची कागदपत्रं कुठेच नाहीत. काढलेले तीन नमुने ताकदीच्या चाचणीत फुटतील, आणि जमिनीकडच्या पायांना पुन्हा भोकं पाडायची माझी इच्छा नाही."

"माझ्याकडे आहे ते," हार्टमूट म्हणाला.

तासाभरात त्यांचं यंत्र आमच्या बागेतल्या खोलीत होतं. मी पलंग सरकवला, मेणकापड गुंडाळलं. यंत्राने अर्धा तास कुंथत कुंथत नमुना काढला आणि बाईंनी तो खिडकीशी नेऊन सगळीकडून निरखला. "अख्ख्या डोर्नविकमधलं सगळ्यात उत्तम काँक्रीट तुमच्या पलंगाखाली आहे," त्या म्हणाल्या. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं.

नगरपालिकेने ऑक्टोबरअखेरपर्यंत मुदत दिली. टेकू लावायला आणि सळया बांधायला एक कंपनी आली, पण ओतकामाला तिला वसंतापर्यंत सवड नव्हती. तेव्हा टपालवाली बिर्गिट म्हणाली, आपणच करू की, पूर्वी करायचो तसं, कामावरून सुटल्यावर. थोम्सबाईंनी डोकंच धरलं. आमच्यातला सगळ्यात तरुण गडी एकसष्ट वर्षांचा होता. पण त्यांनी होकार दिला, आणि प्रत्येक घमेलं स्वतः तपासणार असं बजावलं.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी पाय ओतला. मी मटणाचं आंबटतिखट सूप पातेलंभर करून नेलं आणि "पुढची पाळी दारात उभी आहे" असं ओरडून सगळ्यांना वाढलं. लोक हार्टमूटशी बोलत होते. कुणी टोमणे मारले, पोती मोजून घ्या रे म्हणून, आणि ते बरंच झालं. गाव टोमणे मारतं म्हणजे गावाने घरात घेतलंय.

मुकादम मात्र आला नाही. त्या गुरुवारनंतर तो बुधवारचे पत्ते खेळायलाही आला नव्हता. मी दर आठवड्याला त्याच्याकडे केक घेऊन जायचे. तो दार उघडायचा, केक घ्यायचा, दार लावायचा. एकदा मी पायरीवरूनच ओरडले, "अरे म्हाताऱ्या, फरशी मी मागितली होती! मलाही शिव्या दे!" आतून आवाज आला, "केकला साखर कमी आहे." पुढच्या वेळी मी जास्त घातली. तरी दार लागलंच.

हार्टमूट त्याच्याकडे गेला नाही. मी ढकलून पाहिलं, रागावून पाहिलं. "जाऊन काय म्हणू?" एवढंच तो विचारायचा. "माफ कर म्हणू? तो मेला असता तर मी कुणाला म्हटलं असतं?"

काँक्रीट पक्कं व्हायला अठ्ठावीस दिवस लागतात. अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी, स्वच्छ, थंड हवेत, निम्मं गाव वाळूवर जमलं. टेकू सोडवणारे कंपनीचे गडी सोडले तर छपराखाली कुणालाही जायची मनाई होती, लाल फीत लावली होती. थोम्सबाईंनी कडेला एक घड्याळासारखं माप बसवलं होतं. टेकू सैल केल्यावर छप्पर दोन मिलिमीटरपर्यंत खाली बसलं तर चालेल, त्याहून जास्त बसलं तर पुन्हा टेकू लावायचे आणि मग पाडायचंच, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं.

हार्टमूट गर्दीतून बाजूला गेला आणि समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. मी त्याच्याकडे जाणार तोच कुरकुर ऐकू आली. फळ्यांवरून मुकादम येत होता, दाढी केलेला, टोपी नीट घातलेली. वाळूशी आल्यावर चाकं रुतली. त्याने काठीला शिवी घातली, ती तिथेच सोडली, आणि बिर्गिटचा हात धरून उरलेली दहा-बारा पावलं चालला. हार्टमूटशेजारी येऊन त्याने बिर्गिटचा हात सोडला आणि हार्टमूटचा दंड धरला. एकाचं तोंड समुद्राकडे, दुसऱ्याचं शिंपल्याकडे. मी दोन पावलांवर थांबले.

"पाठ फिरवून काय उभा आहेस?" मुकादमाने विचारलं.

"बघवत नाही."

"मग ऐक. पहिला टेकू सैल करतायत. सावकाश. पाव फेरा." तो थांबला. "दुसरा. तो लाल केसांचा पोरगा जास्तच फिरवतोय. हां, बाईने झापलं त्याला. आता बरोबर."

हार्टमूटचे खांदे कानांपर्यंत गेले होते.

"तिसरा. चौथा. परत पहिल्यावर आले." मुकादमाचं सगळं वजन त्याच्या दंडावर होतं, आणि हार्टमूट जराही हलत नव्हता. "आता समुद्राकडचे."

मी मापाकडे बघत नव्हते. मला ते वाचताही येत नाही. मी थोम्सबाईंच्या चेहऱ्याकडे बघत होते. सगळे टेकू मोकळे झाले, माणसं बाहेर आली, आणि त्या अजून मापापाशी वाकलेल्याच. मग त्यांनी कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली आणि आमच्या दिशेने अर्धा मिलिमीटर, अर्धा, असं काहीतरी ओरडल्या. वाळूवर एकच कल्ला झाला. बेकरीवाल्याने बिर्गिटला उचललं.

"झालं," मुकादम म्हणाला. "सुटं उभं आहे. वळ आता."

हार्टमूट वळला नाही. "खरंच उभं आहे? का मला बरं वाटावं म्हणून सांगतोयस?"

मुकादमाने त्याच्याकडे बघितलं. त्या नजरेत माया वगैरे काही नव्हती, ती मुकादमाचीच नजर होती.

"हार्टमूट," तो म्हणाला, "मी तुझ्यापासून कधी काही लपवलंय का?"

हार्टमूटने नाही म्हणून मान हलवली. हलवतच राहिला. मग बाहीने नाक पुसलं, आणि वळला.